शुक्रवारचं म्हावरं

त्या शुक्रवारी पहाटे मालूने पाटीतला एक बोईट उचलून नाकाशी नेला. घासलेटचा वास. मासा अगदी ताजा होता. तिच्या नवऱ्याने, नामाने, तासाभरापूर्वीच तो खाडीतून आणला होता. कल्ले लाल होते, डोळे स्वच्छ होते. पण वास होता.

हा वास दिवाळीपासून येत होता. कधी एखाद्या माशाला, कधी सगळ्या पाटीला. ठाण्याच्या खाडीला वरच्या अंगाने एक मोठा नाला येऊन मिळायचा. त्याचं पाणी कधी जांभळं असायचं, कधी पिवळट, आणि तसं पाणी उतरलं की दोन-तीन दिवस वास यायचा. कोळीवाड्यात याविषयी मोठ्याने कोणी बोलत नसे. मालूची सासू चंद्रभागा ही वाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारीण. तिने सगळ्यांना उपाय सांगून ठेवला होता. मासा मिठाने चोळायचा, चिंचेच्या पाण्यातून तीनदा काढायचा, आणि जिथे तिखट कालवण होतं अशाच घरात द्यायचा.

मालूने तेच केलं आणि पाटी डोक्यावर घेऊन वर्तकनगरला निघाली.

१९९० सालचा मार्च होता. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता. त्या दिवसांतल्या शुक्रवारी ते मटण वर्ज्य करतात, मासळी चालते. वर्तकनगरच्या वसाहतींमध्ये चर्चच्या आसपास अशी बरीच घरं होती, त्यामुळे हे आठवडे मालूला बरे जायचे. पहिलं घर रेजिनाबाय मिस्किटांचं. रेजिनाबाय जुन्या ठाणेकर, बोलणं मालूसारखंच. बारा वर्षं मालू त्यांच्या दारात पाटी उतरवत होती. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीवर जायचे, आणि पाच वर्षांची नात शेरॉन दिवसभर आजीजवळ असायची. पाटी उतरली की ती काडी घेऊन चिंबोऱ्यांच्या नांग्यांना डिवचायला यायची.

रेजिनाबायने त्या दिवशी सहा बोईट घेतले. मालूने उंबऱ्याशी बसून ते साफ करून दिले. कोयता चालवताना ती तोंडाने श्वास घेत होती, वास आपल्यालाच येऊ नये म्हणून. रेजिनाबायला सर्दी झालेली. त्यांना काहीच कळलं नाही.

मंगळवारी मालू पुन्हा त्या बाजूला गेली तर मिस्किटांच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं की शेरॉन दवाखान्यात आहे. शनिवारपासून उलट्या आणि ताप, सलाईन लावलंय, डॉक्टरांना अजून काही उमगत नाही. शेजारीण आणखी काही सांगत होती, पण मालूला पुढचं ऐकूच आलं नाही. तिने पाटी उचलली आणि एकाही दारात न थांबता वसाहतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. 

तिथे बसल्याबसल्या तिला एक गोष्ट आठवली आणि ती अधिकच घाबरली. तिची स्वतःची दोन मुलं होती. त्या दोघांना तिने गेले दोन महिने बोईट वाढलाच नव्हता. डाळ केली, सुका बोंबील केला, चिंबोरीसुद्धा टाळली. बोईट विकायला लागतो, उरत नाही, असं ती मुलांना सांगायची. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. हात आपोआपच तसा वागला होता. म्हणजे आपल्याला माहीत होतं, ती मनात म्हणाली. आपल्या पोरांना दिला नाही आणि बायच्या नातीला दिला.

त्या दिवसापासून ती रेजिनाबायच्या गल्लीतून जायची बंद झाली. लांबचा फेरा घेऊन ती वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. खाकी कपड्यातला माणूस दिसला की ती आडोशाला व्हायची, मग तो पोस्टमन का असेना. जेवण जाईना. नामाने दोनदा विचारलं, तिने पित्त झालंय म्हणून सांगितलं. पोरगी दगावली तर काय, हा विचार आला की ती हातातलं काम टाकून उठायची आणि बंदरावर जाऊन उभी राहायची. तिथेही तोच वास असायचा.

गुरुवारी दुपारी कोळीवाड्यात चर्चचे फादर आले. फादर तुस्कानो वसईचे, शेतकऱ्याच्या घरातले, स्वच्छ मराठी बोलणारे. त्यांच्याबरोबर शीला रोकडे नावाची एक शिक्षिका होती. ती ख्रिस्ती नव्हती. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी बुद्धविहारात मुलांचे वर्ग घ्यायची. त्यांना पाहून मालू दाराआड सरकली. ते आपल्यालाच शोधत आलेत असं तिला वाटलं.

पण ते दुसऱ्याच कामासाठी आले होते. पंचवीस तारखेच्या रविवारी चर्चच्या आवारात खाडीचा दिवस करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. फादरनी चंद्रभागेच्या ओटीवर बसून सगळं समजावून सांगितलं. देवाने दिलेली माती आणि पाणी राखणं हाही उपवासाचाच भाग आहे, असं ते गेला महिनाभर प्रवचनात सांगत होते, पण नुसतं सांगून काय होणार? म्हणून त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या विहिरीचं, नळाचं, नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं. शीलाबाई ते तपासतील, मुलं चित्रं लावतील, आणि शेवटी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे जाईल. जातधर्माची अट नाही. कोळी लोकांनी त्या दिवशीची मासळी घेऊन यावं आणि खाडीत काय बदललं ते सांगावं, एवढीच विनंती होती.

चंद्रभागेने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फादर, तुमी म्हनाल खाडी घान. गिऱ्हाईक म्हनंल म्हावरं घान. मंग आमी काय खावाचं?"

 शीला काही बोलू पाहत होती, फादरनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी कबूल केलं की हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. उठता उठता ते एवढंच म्हणाले की त्यांच्या चर्चमधली एक लहान मुलगी आजारी आहे, पोटात काय गेलं ते डॉक्टर विचारताहेत, आणि अशा वेळी कोणीच काही बोलत नाही याचं त्यांना भय वाटतं.

दाराआड मालूने चौकट घट्ट धरली होती.

शुक्रवारी तिने पाटी नेलीच नाही. दुपारी साडी बदलून ती चर्चकडे गेली. मुलगी जिवंत आहे की नाही, हे तिला दुसऱ्या कोणाला विचारता येत नव्हतं. बारा वर्षं ती त्या फाटकावरून जात होती, पण आत कधी गेली नव्हती. चपला बाहेर काढाव्यात की नाही हेही तिला कळेना. शेवटी हातात घेऊन ती आत शिरली आणि मागच्या बाकावर कडेला बसली. आत गारवा होता. पुढे भिंतीवर रक्ताळलेल्या हातांचा येशू होता आणि त्याच्याकडे तिला पाहवेना.

रेजिनाबाय तिथेच होत्या, डाव्या बाजूला, गुडघ्यांवर. उठून मागे वळल्या तेव्हा त्यांना मालू दिसली. आठ दिवसांत त्यांचं तोंड सुकून गेलं होतं. त्या येऊन मालूशेजारी बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. ताप उतरत नव्हता. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं होतं. सून रोज विचारायची की शुक्रवारी घरात काय शिजलं होतं.

"मी तुझं नाव घेतलं नाय," त्या म्हणाल्या. "पण तू मला सांग मालू. त्या दिवशीचं म्हावरं ठीक होतं ना?"

मालूने हातातल्या चपला बाकाखाली ठेवल्या. ती म्हणाली, "ताजं होतं बाय."

रेजिनाबायने मान हलवली, तिच्या हातावर हात ठेवला आणि त्या निघून गेल्या. मालू चपला उचलून बाहेर आली. ती खोटं बोलली नव्हती. मासा ताजाच होता. पण रेजिनाबायचा हात जिथे टेकला होता ती जागा तिला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिली.

रविवारी पहाटे नामा परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. नाल्याच्या तोंडाशी मासे उलटे तरंगत होते, शेकड्यांनी. जाळ्यात आलेल्या बोईटांतले अर्धे मेलेले, उरलेले नुसती तोंडाची उघडझाप करणारे. वास इतका होता की हात धुऊनही जाईना. नामा म्हणाला की आज वर्तकनगर नको, पाटी कल्याणच्या बाजाराला न्यावी, तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही.

कल्याणलाही पोरं आहेत, हे मालूच्या मनात आलं. तिने पाटी भरली, वर ओला गोणपाट टाकला आणि कल्याणच्या रस्त्याऐवजी वर्तकनगरची वाट धरली. वाटेत दोनदा ती परत फिरली. एकदा तर पाटी नाल्यात उलटी करून मोकळं व्हावं असं तिला वाटलं.

चर्चच्या आवारात मांडव घातला होता. लांबलचक टेबलांवर बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली : कुठली विहीर, कुठला नळ, कोणतं गाव. मानपाड्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या बाटलीतलं पाणी चहासारखं होतं आणि लोक त्याच्याभोवती गोळा झाले होते. शीला कागदाच्या पट्ट्या पाण्यात बुडवायची आणि पट्टीचा रंग बदलला की मुलांना उंच धरून दाखवायची. चर्चच्या बायका सरबत वाटत होत्या. पुढच्या रांगेत सफारी घातलेला एक माणूस पायावर पाय टाकून बसला होता. शीलाने नंतर सांगितलं की नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना होता, हा तिथला माणूस.

रेजिनाबाय सरबताच्या टेबलाशी उभ्या होत्या.

फादर बोलत होते तेवढ्यात मालू मधल्या वाटेने पुढे आली. पाटी उतरवायला कोणी हात देईना, कारण वास तिच्याआधी पुढे पोचला होता. तिने ती स्वतःच टेबलावर टेकवली.  तिने एक बोईट उचलला, कोयत्याने पोट चिरलं आणि शीलापुढे धरला.

"ह्याचा वास घ्या," ती म्हणाली.

शीलाने घेतला आणि तोंड फिरवलं. मग फादरनी घेतला. 

मालू आता फक्त रेजिनाबायकडे पाहत होती. "ह्यो आजचा. पन त्या शुक्रवारी तुमच्याकडं दिलेल्याला पन वास होता बाय. मना म्हाईत होतं. मी चिंचेत धुतला आनि दिला. माझ्या पोरांना मी दोन महिने देत नाय."

रेजिनाबायने हातातला पेला टेबलावर ठेवला. त्या मालूच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. मारणार असं मालूला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण त्या फक्त म्हणाल्या, "देवाच्या घरात बसून तू मला ताजं सांगितलंस." मग त्या फाटकातून बाहेर गेल्या. त्यांच्यामागे आणखी काही बायका गेल्या.

सफारीवाला वहीत काहीतरी लिहीत होता.

बातमी त्याच संध्याकाळी कोळीवाड्यात पोचली. दुसऱ्या दिवसापासून वर्तकनगरात खाडीची मासळी कोणी घेईना. वाड्यातल्या बायका भरलेल्या पाट्या घेऊन परत यायच्या आणि मालूच्या दारासमोर थुंकून पुढे जायच्या. चंद्रभागेने सुनेशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी नामाचं जाळं कोणीतरी मधोमध कापलं. नामा तिच्यावर ओरडला नाही. तो ओटीवर बसून जाळं सांधत राहिला, आणि ते मालूला ओरडण्याहून कठीण गेलं. ती भांडी घासताना, पाणी भरताना मागे वळून पाहायची. विहिरीवर ती एकटी जाईना.

मग एके दुपारी वाड्यात पांढरी जीप आली. सफारीवाला उतरला, ओटीवर बसला, पाणीही प्याला. तो गोड बोलत होता. म्हणाला की बाईमाणसाच्या तोंडून चुकून काही गेलं असेल, तसं लिहून दिलं की विषय संपला. मग त्याने मालूच्या दोन्ही मुलांची नावं घेतली, त्यांची शाळा सांगितली, आणि शाळा सुटल्यावर ती हायवे ओलांडून येतात हेही सांगितलं. सांभाळा, ट्रक फार असतात, असं म्हणून तो निघून गेला.

 मालू भिंतीला टेकून खाली बसली. लिहून देते, ती नामाला म्हणाली, आत्ताच्या आत्ता देते. 

चंद्रभागा चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली, तिने पदर खोचला आणि ती घराबाहेर पडली. शाळेत जाऊन नातवंडांना ती स्वतः घेऊन आली. मग त्यांना घरात सोडून ती तशीच चर्चवर गेली. फादरना तिने जे सांगितलं ते त्यांनी पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं. ती म्हणाली होती, "माझी सून खोटी असती तर जीप कशाला आली असती?"

दुसऱ्या दिवसापासून चर्चचे दोन लोक आणि विहारातली शीलाची पोरं शाळेच्या वेळेला हायवेवर उभी राहू लागली. ईस्टरपर्यंतच्या उरलेल्या शुक्रवारांसाठी फादरनी चर्चचा हॉल कोळणींना दिला. चंद्रभागेने ठरवलं की खाडीचा एकही मासा तिथे आणायचा नाही. बायका पहाटे उठून मुंबईच्या धक्क्यावरून समुद्राची मासळी आणायच्या आणि हॉलच्या व्हरांड्यात बसायच्या. पहिल्या शुक्रवारी गिऱ्हाईक आलंच नाही. सगळ्या मालूकडे पाहत होत्या. दुसऱ्या शुक्रवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादर स्वतः पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले, मग हळूहळू बाकीचे आले.

अर्जावर कोळीवाड्याच्या सगळ्या घरांच्या सह्या आणि अंगठे झाले. मालूचा जबाब वेगळा लिहून घेतला. सही करताना तिने शीलाला विचारलं की यामुळे मला तुरुंगात टाकतील का. शीलाने खरं ते सांगितलं, मला माहीत नाही म्हणाली. मालूने सही केली.

शेरॉन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आली. रक्ताचा रिपोर्ट विषमज्वराचा होता. इमारतीच्या टाकीत गटाराचं पाणी झिरपत होतं आणि त्याच जिन्यातली आणखी दोन मुलं आजारी पडली होती. खाडीच्या दिवशी कोणीतरी त्या टाकीच्या पाण्याचीही बाटली आणली होती, तिच्यामुळे ते सापडलं. माशाचा त्या तापाशी संबंध नव्हता.

हे सांगायला रेजिनाबाय स्वतः व्हरांड्यात आल्या. मालू उठून उभी राहिली. रेजिनाबायने सगळं सांगितलं, मग म्हणाल्या की तुझी चूक नव्हती हे तुला कळावं म्हणून आले, पण मी अजून तुला माफ केलेलं नाही, ते मला जमत नाही. मालू म्हणाली की तिलाही स्वतःला माफ करणं जमत नाही. त्या वर्षी रेजिनाबायने मासळी दुसरीकडून घेतली. पुढच्या वर्षी कधीतरी पुन्हा मालूकडून घ्यायला लागल्या, पण चिरण्याआधी प्रत्येक मासा स्वतः नाकाला लावून पाहायच्या. मालू थांबायची.

कारखाना बंद झाला नाही. पावसाळ्यानंतर तपासणीवाले आले आणि नाल्यात सोडलेला एक चोरटा पाइप त्यांनी बुजवला. तो दुसरीकडून निघणार नाही याची खात्री कोणालाच नव्हती, म्हणून चर्चने दर अमावास्येच्या ओहोटीला नाल्याच्या तोंडाचं पाणी आणून तपासायचं ठरवलं. होडी फक्त कोळ्यांकडेच होती. नामा तयार झाला.

पहिल्या खेपेला मालू बंदरावर थांबली होती. काठावरच्या रस्त्यावर पांढरी जीप उभी होती, इंजिन चालू ठेवून. होडी दिसेनाशी झाल्यापासून परत दिसेपर्यंत तिने जीपवरून नजर काढली नाही. पुढच्या अमावास्येला सगळ्यांच्या आधी ती होडीत जाऊन बसली. बाटल्यांचा खोका तिने मांडीवर घेतला. नामा म्हणाला की उतर, बाईचं काम नाही. इथे थांबले तर भीतीनेच मरेन, ती म्हणाली, आणि खोका दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिली. नामाने वल्हं टेकवून होडी चिखलातून ढकलली.